बायोमेडिकल सायन्स शिकायचे आहे? नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशापासून नोकरीपर्यंत

बारावीला जीवशास्त्र आवडले, रोग कसा होतो आणि तपासणीत कसा सापडतो याचे कुतूहल आहे, पण डॉक्टर व्हायचे नाही किंवा नीटच्या गुणांनी तो रस्ता बंद झाला आहे. अशा विद्यार्थ्याला नातेवाईक, कोचिंगवाले आणि इंटरनेट मिळून ‘बायोमेडिकल कर’ असे सांगतात. त्याचा नेमका अर्थ कोणी सांगत नाही, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याची फी भरणाऱ्या आईवडिलांसाठी आहे.

एकाच नावाखाली तीन वेगळे रस्ते

बायोमेडिकल सायन्स म्हणजे निरोगी आणि आजारी शरीराचा पेशी, रेणू आणि जनुकांच्या पातळीवरचा अभ्यास. त्यात जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, जनुकशास्त्र, शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि रक्तशास्त्र हे सगळे येते. ब्रिटनमध्ये ही नावाजलेली स्वतंत्र पदवी आहे आणि ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. नोंदणीशिवाय ते कोणाला लावता येत नाही. आपल्याकडे याच नावाची बीएस्सी मोजक्या ठिकाणी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बीएस्सी ऑनर्स बायोमेडिकल सायन्स शिकवतात आणि तिथला प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. नागपुरात राहून शिकायचे तर तोच विषय वेगळ्या नावांच्या पदव्यांतून जोडून घ्यावा लागतो.

पहिला रस्ता तपासणी प्रयोगशाळेचा: वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची (एमएलटी) पदविका म्हणजे डीएमएलटी, पदवी म्हणजे बीएमएलटी, किंवा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी बीपीएमटी. दुसरा विज्ञानाचा: बीएस्सी, मग एमएस्सी, मग हवी तर पीएचडी. तिसऱ्याचे नाव सारखे वाटते, म्हणून सर्वाधिक गल्लत तिथे होते. बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे व्हेंटिलेटर, डायलिसिस यंत्र, ईसीजी, इमेजिंग अशा उपकरणांची रचना आणि देखभाल. त्यासाठी बारावीला गणित लागते आणि प्रवेश एमएचटी-सीईटी किंवा जेईईतून होतो. फक्त पीसीबी घेतलेल्याने त्याची माहिती गोळा करण्यात जून महिना घालवू नये.

आधी जाहिरात वाचा, मग कोर्स निवडा

बहुतेक जण कोर्स निवडतात आणि तीन वर्षांनी नोकरीच्या जाहिराती वाचायला लागतात. हा क्रम उलटा करा. ज्या पाच नोकऱ्या कराव्याशा वाटतात, त्यांच्या जुन्या जाहिराती काढा आणि प्रत्येकीतली ‘शैक्षणिक अर्हता’ ही एकच ओळ वहीत उतरवा. एवढे केले तरी निम्मे निर्णय आपोआप होतात, कारण या क्षेत्रात पात्रतेच्या भिंती पक्क्या आहेत आणि त्या हुशारीने ओलांडता येत नाहीत.

काही भिंती प्रवेशाआधीच माहीत असाव्यात. रक्तपेढीत तंत्रज्ञ व्हायला औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार एमएलटीची पदवी आणि ६ महिन्यांचा अनुभव, किंवा एमएलटीची पदविका आणि १ वर्षाचा अनुभव लागतो. नुसती बीएस्सी मायक्रोबायोलॉजी तिथे चालत नाही, गुण ९० टक्के असले तरी. औषध निरीक्षकासाठी फार्मसीची पदवी, किंवा क्लिनिकल फार्माकोलॉजी अथवा मायक्रोबायोलॉजीतील विशेष शिक्षणासह वैद्यकीय पदवी मागतात. जीवरसायनाच्या एमएस्सीवर तो अर्ज टिकत नाही. ‘एमएस्सी करून स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकू’ हा बेत तर घरोघरी ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचीच प्रतिस्वाक्षरी हवी. लॅबमध्ये भागीदारी करता येईल, व्यवस्थापन बघता येईल, पण अहवालाच्या तळाशी सही डॉक्टरची.

भिंत उलट बाजूनेही आहे. डीएमएलटी करून नोकरी लवकर लागते, पण पुढे कधी संशोधनाकडे वळावेसे वाटले तर पदविकेवर एमएस्सीला प्रवेश मिळत नाही. घरची परिस्थिती दोन वर्षांत कमाई सुरू व्हावी अशी असेल तर पदविका योग्यच आहे. चार-सहा वर्षे शिकता येणे शक्य असेल तर पदवीच घ्यावी, असे आमचे मत आहे.

नोंदणीचा मुद्दाही इथेच उरकू. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वैद्यकीय प्रयोगशाळा आणि जीवविज्ञानातले व्यवसाय नोंदणीच्या कक्षेत आणले. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात ठरवले आहे. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदही आहे. म्हणून एखादी खासगी संस्था ‘एका वर्षात लॅब टेक्निशियन’ असा फलक लावून बसली असेल तर एवढेच विचारा: मान्यता कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची, आणि या प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होते का? उत्तर लेखी मागा. ‘होऊन जाईल’ हे उत्तर नाही.

नागपुरात काय उपलब्ध आहे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. त्याच्या संलग्न महाविद्यालयांत बीएस्सीला जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय मिळतात. हिस्लॉप, शासकीय विज्ञान संस्था, दीक्षाभूमीचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय, काँग्रेसनगरचे शिवाजी सायन्स ही नावे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. कुठे कोणता विषय मेजर म्हणून मिळतो हे मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे जुनी तीन समान विषयांची पद्धत जाऊन मेजर-मायनर आले. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. चौथ्या वर्षाची किंमत मुलांना कळलेली दिसत नाही. चार वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी एका वर्षाची होऊ शकते, आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीचा अर्ज करता येतो.

विषय निवडताना आमचा कल स्पष्ट आहे: मेजर जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, आणि रसायनशास्त्र शक्य तितकी वर्षे सोडू नये. जैवतंत्रज्ञान हे नाव आकर्षक आहे, पण रसायनाचा पाया कच्चा राहिला तर एमएस्सीला एन्झाइम कायनेटिक्स आले की मुले अडतात. सूक्ष्मजीवशास्त्राचा एक व्यावहारिक फायदा असा की औषध, अन्न, पाणी आणि रुग्णालय या चारही ठिकाणी त्याला मागणी असते.

शहराची दुसरी जमेची बाजू म्हणजे आजूबाजूच्या संस्था. १९४७ पासूनचे मेडिकल, मेयो, मिहानमधले एम्स, पर्यावरणाचे काम करणारी नीरी, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा, आणि धंतोली-रामदासपेठेत एकमेकांना लागून असलेली रुग्णालये व लॅब. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आणि सावंगीचे अभिमत विद्यापीठ दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणीही डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांतले आजार एकत्र अभ्यासायचे तर एकाच गावात वैद्यकीय, पशुवैद्यकीय आणि पर्यावरण अशा तिन्ही संस्था असणे ही मोठी सोय आहे.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा

इमारत, कॅन्टीन आणि स्वागतकक्ष बघून परत येऊ नका. प्रयोगशाळा दाखवा म्हणून सांगा. २० जणांच्या बॅचला मायक्रोपिपेट (द्रवाचा अगदी थोडा भाग मोजून घेण्याचे साधन) किती आहेत ते मोजा. ४ पेक्षा कमी असतील तर बहुतेक मुले नुसती बघत उभी राहतात. ऑटोक्लेव्ह, लॅमिनार फ्लो, सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहेत का ते विचारा, आणि शक्य असेल तर त्यांच्या वापराची वही बघा. कपाटावर झाकण घालून ठेवलेले पीसीआर यंत्र आणि वहीतली शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची असेल, तर ते यंत्र फक्त तपासणी समितीसाठी आहे असे समजा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच प्रश्न विचारा: स्वतःच्या हाताने जेल लोड केले का? त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळते.

फीची तजवीज प्रवेशाच्या आठवड्यातच करा. शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते यांपैकी एखादा कागद राहिला तर वर्ष वाया जाते. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पुढे स्पर्धापरीक्षेचे प्रशिक्षण आणि पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच आहे.

पहिली दोन वर्षे: हात तयार करा

या क्षेत्रात मुलाखतीला बसलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कळते की समोरच्याने काम केले आहे की फक्त जर्नल उतरवले आहे. हे काम कुठले, ते जरा सविस्तर सांगतो.

मायक्रोपिपेटपासून सुरुवात करा. द्रव घेताना बटण पहिल्या थांब्यापर्यंत, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखे लोक घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतात आणि जास्त द्रव ओढतात. स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. विश्लेषण तराजूवर छोटे भांडे ठेवा आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा. प्रत्येक वेळी सुमारे १०० मिलिग्रॅम भरायला हवे. दहा आकड्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. विचलन भागिले सरासरी, गुणिले १०० म्हणजे सीव्ही. तो २ टक्क्यांच्या वर असेल तर हात अजून बसलेला नाही. सरासरीच कमी येत असेल तर टिप सैल आहे, किंवा पिपेटला कॅलिब्रेशन हवे. मे महिन्यात पंख्याखाली हा प्रयोग करू नका, पाणी डोळ्यांदेखत उडते आणि दोष पिपेटवर जातो.

डायल्युशनच्या चुका एमएस्सीपर्यंत टिकून राहतात. १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणातून ०.५ तीव्रतेचे २० मिलिलिटर करायचे असेल तर १ मिलिलिटर मूळ द्रावण घेऊन त्यात १९ मिलिलिटर मिसळायचे. २० मिसळले तर एकूण २१ होते आणि तीव्रता ०.४७६ वर येते. एकदा केली तर लहान वाटणारी ही चूक पायरी-पायरीने पाच वेळा केली की आलेख वाकडा होतो आणि मुले यंत्राला दोष देतात. ‘एकास दहा’ म्हणजे १ भाग नमुना आणि ९ भाग विद्रावक, हेही डोक्यात पक्के करा.

जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये १ टक्क्याच्या जेलला १०० मिलिलिटर बफरमध्ये १ ग्रॅम ॲगारोज लागते. बफरऐवजी पाण्यात वितळवले तर जेल दिसायला तसेच दिसते, पण त्यातून विद्युतप्रवाह नीट जात नाही आणि डीएनए जवळजवळ जागचा हलत नाही. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे पळतो. तारा उलट्या लावल्या तर नमुना जेलमधल्या विहिरीतून (नमुना भरायच्या खाचेतून) मागच्या बाजूने बाहेर पडतो आणि तासाभराने मोकळे जेल हाती येते.

रक्ताच्या नमुन्याचे ज्ञान संशोधनाकडे जाणाऱ्यांनाही हवे, कारण बायोमेडिकलमधला निम्मा कच्चा माल रक्तच आहे. ट्यूब भरण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी ब्लड कल्चर, मग (झाकणाच्या रंगानुसार) निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी, हिरवी हेपारिन, जांभळी ईडीटीए आणि शेवटी करडी फ्लोराइड. यामागे कारण आहे. जांभळ्या ट्यूबमधले पोटॅशियम-ईडीटीए सुईवरून पिवळ्या ट्यूबमध्ये गेले, तर पोटॅशियम खोटेच वाढते आणि कॅल्शियम खोटेच घटते. धडधाकट माणसाचा अहवाल आयसीयूतल्या रुग्णासारखा दिसतो. निळ्या ट्यूबमध्ये रक्त आणि सायट्रेटचे प्रमाण ९ ला १ असावे लागते. ट्यूब अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होते आणि रक्त गोठण्याचा वेळ खोटाच लांबतो. लाल ट्यूब सेंट्रिफ्यूज करण्याआधी साधारण अर्धा तास उभी ठेवायची. घाई केली तर सिरममध्ये फायब्रिनच्या तारा राहतात आणि ॲनालायझरची सुई तुंबते.

तपमानाचे गणित विदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. वेगळे न केलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात आणि ती ताशी ५ ते ७ टक्क्यांनी घटते. ४५ अंशांच्या दुपारी दुचाकीच्या डिकीतून नमुना काटोलहून नागपूरला आला, तर याहून वेगाने. म्हणून साखरेसाठी करडी ट्यूब, तिच्यातले फ्लोराइड हे खाणे रोखते. मग सगळेच बर्फात ठेवावे का? तेही नाही. पोटॅशियम तपासायचे रक्त वेगळे न करता थंडीत ठेवले तर पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि अहवाल पुन्हा चुकतो. हे ‘का’ ज्याला सांगता येते त्याला लॅबमध्ये वरची जागा मिळते.

गुणवत्तेचे एक तत्त्वही याच काळात शिकून घ्या. कंट्रोलचा, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे अशा नमुन्याचा, आकडा रोज लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर मांडतात. सरासरीपासून ३ प्रमाण विचलनांच्या बाहेर गेला तर त्या दिवसाचे निकाल थांबवायचे. २ च्या बाहेर गेला तर सावध होऊन बाकीचे नियम लावायचे. यंत्र ठणठणीत असले तरी साधारण वीसांत एकदा आकडा २ च्या बाहेर जाणारच. वाईट सवय अशी की कंट्रोल ‘आत’ येईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा चालवतात आणि शेवटचा चांगला आकडा लिहितात. याला गुणवत्ता नियंत्रण म्हणत नाहीत. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे मूल्यांकन करणारे आधी हेच शोधतात.

प्रकल्प: घराजवळचा प्रश्न घ्या

पदवीचा प्रकल्प बहुतेक ठिकाणी ‘अमुक पानांच्या अर्काचा जिवाणूंवर परिणाम’ या एकाच साच्यातला असतो. तो वाईट नाही, पण मुलाखतीत तो शंभर जणांकडे असतो. विदर्भात बसलेल्या विद्यार्थ्याकडे सिकलसेलसारखा विषय आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी असा तिचा आवाका आहे. चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) हिमोग्लोबिनच्या आजारांवरचे केंद्र आहे.

विज्ञान म्हणूनही हा विषय भरगच्च आहे. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते, जीएजीचे जीटीजी होते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तपासणीच्या पायऱ्यांमध्ये शिकण्यासारखे खूप आहे. सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि जलद, पण द्रावण गढूळ झाले म्हणजे वाहक की रुग्ण हे त्यातून कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती फसते, खूप रक्तक्षय असेल तर खोटी नकारात्मक येते, आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर काहीही दाखवू शकते. म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. ‘कोणती चाचणी कुठे चुकते’ एवढ्यावरच पदवीचा उत्तम प्रकल्प होतो.

एक गोष्ट मात्र आधी करा. माणसाचा नमुना किंवा माहिती वापरायची असेल तर संस्थेच्या आचारनीती समितीची मंजुरी नमुना घेण्याच्या आधी लागते, नंतर मिळत नाही. मित्रांचे रक्त घेऊन केलेला प्रकल्प पुढे कुठल्याही नियतकालिकात छापता येत नाही. समितीच्या बैठका महिनोन्महिने होत नाहीत, तेव्हा प्रस्ताव चौथ्या सत्रातच लिहायला घ्या. सिकलसेलमध्ये तर निकालाचा लग्नाच्या बोलणीवर परिणाम होतो. गुप्तता पाळणे हा तिथे प्रयोगाचाच भाग आहे.

उन्हाळ्यातल्या संशोधन-अधिछात्रवृत्त्याही याच टप्प्यावर बघा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची एकत्रित उन्हाळी योजना दोन महिन्यांची असते आणि तिचे अर्ज हिवाळ्यापर्यंत बंद होतात. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

एमएस्सी आणि पीएचडीच्या परीक्षा

जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी या एमएस्सीच्या मुख्य दारांच्या परीक्षा. जॅम साधारण फेब्रुवारीत होते आणि तिचा अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावा लागतो, म्हणजे पाचव्या सत्रात. बायोटेक्नॉलॉजीच्या जॅममध्ये जीवशास्त्राबरोबर रसायन, गणित आणि भौतिकशास्त्रही येते. अकरावी-बारावीची पुस्तके रद्दीत देऊ नका. वैद्यकीय महाविद्यालयातली तीन वर्षांची मेडिकल एमएस्सी हा आणखी एक मार्ग. पण तिच्यावर वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षक होण्याच्या जागांना २०२० मध्ये मोठी कात्री लागली आणि नंतरही नियम बदलत राहिले. प्रवेश घेण्याच्या दिवशी लागू असलेला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम स्वतः वाचा.

पीएचडीची अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) आणि अध्यापनाची पात्रता देणाऱ्या सीएसआयआर-नेट परीक्षेचा जीवविज्ञानाचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग ‘अ’ मध्ये २० पैकी १५, ‘ब’ मध्ये ५० पैकी ३५ आणि ‘क’ मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे. पहिल्या दोन भागांत प्रत्येकी २ गुण, ‘क’ मध्ये ४, आणि प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात. म्हणजे ‘क’ एकटाच १०० गुणांचा. नागपूरची बरीच मुले ‘ब’ भागासाठी व्याख्या पाठ करतात आणि ‘क’ मध्ये गडबडतात, कारण तिथे प्रयोगाचा आलेख किंवा जेलचे चित्र देऊन निष्कर्ष विचारतात. वर सांगितलेली प्रयोगशाळेतली कामे ज्याने केली, त्याला हा भाग सोपा जातो. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे.

नोकऱ्या, जशा आहेत तशा

तपासणी प्रयोगशाळेत सुरुवात रात्रपाळीने आणि कमी पगाराने होते, हे गृहीत धरा. मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये वर्षभर सगळ्या विभागांत फिरून घ्या आणि एनएबीएल ज्यावर चालते त्या आयएसओ १५१८९ या मानकाचे अंतर्गत लेखापरीक्षणाचे प्रशिक्षण करा. गुणवत्ता व्यवस्थापक होण्याची वाट तिथून सुरू होते आणि पगाराची खरी उडीही.

औषध उद्योगात मिहानमध्ये ल्युपिन आणि कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीज आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे निर्जंतुकता चाचणी, एंडोटॉक्सिन, पाण्याची आणि हवेची तपासणी ही कामे असतात. निर्जंतुकता चाचणीत माध्यम १४ दिवस ठेवावे लागते, एक ३० ते ३५ आणि दुसरे २० ते २५ अंशांवर, हे मुलाखतीत हमखास विचारतात. या उद्योगात नोंद ज्या क्षणी काम झाले त्याच क्षणी करायची असते. कच्च्या कागदावर लिहून संध्याकाळी वहीत उतरवणे ही कॉलेजात लागलेली सवय इथे नोकरी घालवते.

क्लिनिकल रिसर्च म्हणजे औषधांच्या रुग्णांवरच्या चाचण्या; त्यांच्या समन्वयकाचे काम रुग्णालयात चालते: संमतीपत्र, भेटींच्या नोंदी, नमुने पाठवणे. गंभीर प्रतिकूल घटना घडली तर संशोधकाला ती २४ तासांत कळवावी लागते, त्यामुळे फोन रविवारीही वाजतो. मराठी आणि हिंदीत रुग्णाला संमतीपत्र समजावून सांगता येणे हे इथे मोठे कौशल्य आहे. या नोकरीसाठी लाखभर रुपयांचा खासगी डिप्लोमा घेण्याआधी जीसीपीचा (अशा चाचण्या नीट करण्याच्या नियमांचा) छोटा ऑनलाइन कोर्स करा आणि रुग्णालयात प्रशिक्षणार्थी म्हणून विचारून बघा. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवण्याचे फार्माकोव्हिजिलन्सचे काम जास्त करून पुणे, हैदराबाद, बेंगळुरूकडे मिळते.

उपकरण कंपन्यांची ॲप्लिकेशन स्पेशालिस्टची नोकरी फारशी कोणी सुचवत नाही. ॲनालायझर बसवणे, तंत्रज्ञांना शिकवणे, बिघडलेला निकाल शोधून देणे असे ते काम. गोंदियापासून यवतमाळपर्यंत फिरावे लागते, पण माणूस झपाट्याने शिकतो. अध्यापनाचे मात्र स्पष्ट सांगायला हवे: सेट किंवा नेट झाल्यावरही अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. शिकवण्याची खरी आवड असेल तर जरूर जा, पण घरखर्च त्यावर अवलंबून ठेवू नका.

बाहेरदेशी जायचे असेल तर

ब्रिटनमधल्या लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून काम करायला एचसीपीसी या तिथल्या नियामक परिषदेची नोंदणी लागते. तिथली एक वर्षाची एमएस्सी केली की नोंदणी आपोआप मिळते, असे एजंट सांगतात. तसे नाही. पदवीतले विषय आयबीएमएस या बायोमेडिकल सायंटिस्टांच्या व्यावसायिक संस्थेच्या निकषांशी ताडून बघतात आणि लॅबमधल्या प्रशिक्षणाचा पुरावा मागतात. तेव्हा पैसे भरण्याआधी निवडलेला कोर्स आयबीएमएस-मान्य आहे का आणि त्यात प्रशिक्षणाची जागा आहे का, हे विद्यापीठाला थेट ईमेल करून विचारा. मूल्यांकनासाठी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकांचे तास लागतात. म्हणून दर सत्राचा छापील अभ्यासक्रम, गुणपत्रिका आणि प्रात्यक्षिकांचे जर्नल एका फायलीत ठेवत चला. महाविद्यालये जुने अभ्यासक्रम संकेतस्थळावरून काढून टाकतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला आठवडे जातात, त्यामुळे त्याचा अर्ज शेवटच्या सत्राचा निकाल लागताच द्या, आणि प्रती दोन जास्तीच्या मागा.